यंत्राच्या डोळ्याला कुंकू

२ जून, सोमवार
सकाळीच दारात ट्रक. सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, लाल नि राखाडी. मी मागवले नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, "पुण्याच्या साहेबांनी ऑनलाइन पैसे भरलेत मावशी. तुम्ही नुसती जागा दाखवा."

साहेब म्हणजे आमचे चिरंजीव सुहास. यापुढे सु. लिहीन, रागात पूर्ण नाव लिहवत नाही.

रोह्याच्या कंपनीत सगळी नोकरी स्टोअरमध्ये काढली. रोज पेणहून कंपनीच्या बसने. ऑर्डर नसलेला माल गेटच्या आत घेतला नाही, मग तो मॅनेजरच्या मेव्हण्याचा का असेना. टेबलावर तीन शिक्के असायचे: घेतला, नाकारला, थांबवला. आज शिक्का नव्हता म्हणून तोंडाने सांगितलं. नाकारला, परत न्या.

परतीचं भाडं कोण देणार यावर अडलं. शेवटी तो कुंपणाबाहेर, गेटच्या डाव्या अंगाला सगळा ढीग ओतून गेला.

सु.ला फोन. "आई, पावसात गवत गुडघाभर होतं. साप निघतात. तुझा गुडघा हा असा. एकदा ब्लॉक टाकले की कटकट मिटली. गाडीपण आत लागेल." गाडी वर्षातून दोनदा येते.
"सुहास, अंगण कोणाचं?"
"तसं नाही गं आई..."
तसंच आहे.

४ जून
शेजारची वत्सला कुंपणावरून, "काय गो सुमनताय, ह्यो कसला ढीग? घर बांधतेस का वरती?"
सांगितलं सगळं. तिचं म्हणणं, टाक की ब्लॉक, गल्लीत सगल्यांनी टाकलेत, झाडायला बरं पडतं. तिच्या दारात पण आहेत. पाय भाजतात म्हणून दुपारी माझ्याकडे येऊन बसते, ते सोयीस्करपणे विसरली.

गवत कापणारा दगडू गेल्या वर्षी हायवेच्या कामावर लागला. जानेवारीत माझा गुडघा बदलला, खाली बसायचं नाही, उकिडवं तर नाहीच. म्हणजे मी कापणार नाही, दगडू येणार नाही, आणि गवत काही माझ्यासाठी थांबणार नाही. इथपर्यंत सु.चं बरोबर आहे. पुढचं चूक.

८ जून, रविवार
रात्री सु.चा पुन्हा फोन. आवाज चढला, दोघांचा. शेवटी तो म्हणाला, "गणपतीला येऊ तेव्हा बघू. अंगण नीट असलं तर ठीक. नाहीतर मिस्त्री घेऊनच येतो."
बघ म्हटलं.

कोणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. माझे वडील खाडीकाठी मिठागरात. आमचं सगळं लहानपण त्या बांधावर गेलं. चहूकडे पांढरं, नाहीतर काळा चिखल. गवताची काडी नाही. आई पेणच्या बाजारातून आणलेली कोथिंबीर डब्यात पाणी घालून ठेवायची, वापरायची उशिरा, आम्ही बघायचो. हा प्लॉट घेतला तेव्हा मी पहिल्यांदा हरळी लावली, भिंती नंतर उभ्या राहिल्या. यांना गवत म्हणजे कचरा वाटायचा. सु. यांच्यावर गेलाय.

१३ जून
मोबाइलवर गुडघ्याचे व्यायाम बघत होते. मध्येच जाहिरात. कासवासारखं एक यंत्र हिरवळीवर आपलं आपण फिरतंय, गवत कापतंय, आणि बाई झोपाळ्यावर चहा पितेय. माणूस नाही, दोरी नाही, आवाज नाही.
व्यायाम राहिले.

१४ जून
तीन तास वाचन. तीन जाती आहेत. नावं माझी:
वायरवाला. अंगणाच्या कडेने जमिनीत वायर पुरायची, ती त्याची लक्ष्मणरेषा.
आकाशवाला. उपग्रहाकडे बघून चालतो.
डोळेवाला. कॅमेऱ्याने गवत ओळखतो, लादी आली की वळतो.
तिघांनाही गुडघाभर गवत चालत नाही. आधी एकदा हाताने कापायचं, मग तो रोज केसभर कापत राहणार.

वत्सलाला दाखवलं. "घरात मानूस नाय म्हनून यंत्र आनतेस? त्यापेक्षा बकरी घे. दूध तरी देल."

२१ जून
हायवेवरच्या खांब गावाला जाऊन आले. मुंबईच्या कोणाच्या तरी फार्महाउसवर वायरवाला आहे असं कळलं होतं. वत्सलाला बरोबर घेतलं, खरं तर तीच निघाली. एस.टी.ने. हायवे अजून होतोच आहे, गुडघ्याची परीक्षा झाली.

तिथला राखणदार महादू. यंत्र शेडमध्ये झाकून ठेवलेलं. "गडी बरा हाय ताई. जेवान मागत नाय, पन रुसतो लय. घुशीनं वायर तोडली का उभा ऱ्हातो मधीच. मंग मी सगली वायर हुडकत बसतो."
"किती वेळा तोडते?"
"घूस काय सांगून येते व्हय?"

आमच्या मागच्या भिंतीला घुशींची पूर्ण वसाहत आहे. वायरवाला नाकारला.
येताना वत्सला म्हणाली, "मालक बघायला नसतो आनि गवत बघ कसं गालिच्यासारखं. कोनासाठी गो?" खरंच, कोणासाठी. माझं तरी मी बघते.

३० जून
आकाशवाल्याच्या दुकानदाराशी व्हिडिओ कॉल. मुलगा मुंबईचा, मॅडम मॅडम करतो. मोबाइल फिरवून अंगण दाखवलं. तीन माड, एक आंबा.
"मॅडम, आकाश मोकळं लागेल. झाडं काढता येतील का?"
गवत वाचवायला झाडं काढा! मी विचारलं, यंत्रावर नारळ पडला तर? "ते वॉरंटीत नाही मॅडम."
नाकारला.

९ जुलै
पावसाला खळ नाही. गवत पोटरीच्या वर. सकाळी गेटपाशी धामण. वत्सलाने गल्लीभर ओरडून सांगितलं, संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचलं.
"आई, साप."
"धामण होती. उंदीर खायला आली होती. तुझ्या ब्लॉकच्या ढिगात राहतात ते."
फोन ठेवला. मीच.

२० जुलै
उरला डोळेवाला. दुकानदाराला प्रश्न विचारून सळो की पळो करून सोडलं. पावसात? थांबतो, उघडीप मिळाली की निघतो. चिखलात? चाकं रुततील, जमीन सपाट हवी. बेडूक? कळला नाही प्रश्न. म्हटलं, रात्री अंगणात बेडूक असतात, त्यांना कापेल का? "मॅडम, रात्री फिरवू नका." बरं.

जमीन सपाट करायची वडिलांची रीत आठवली. आगरात पाणी सोडायचं आणि बघत बसायचं. पाणी जिथे थांबतं तिथे खोलगट. आज पाऊस होताच. ओट्यावर बसून डबकी बघितली, काठीला चिंधी बांधून खुणा केल्या. पाणंद करणाऱ्या गड्याला माती टाकायला उद्या बोलावलंय.
वत्सला पलीकडून, "आगऱ्याची पोर ती आगऱ्याचीच. आता मीठ पिकव."

२ ऑगस्ट
डोळेवाला घेतला. बिल माझ्या नावावर, पेन्शनच्या खात्यातून. ॲपसाठी ईमेल मागितला, सु.ने मागे काढून दिलेला होता तोच दिला.

१२ ऑगस्ट, अंगारकी
पहाटेच गल्लीतल्या बायका दुर्वा खुडायला. दर चतुर्थीला येतात. आता आमच्या गल्लीत माती दिसते ती फक्त माझ्याकडे. वत्सला परडी घेऊन सर्वांत पुढे. मी ओट्यावरून बघत होते, बरं वाटत होतं.

त्या गेल्यावर वाडीवरची सखू विळा घेऊन आली. दुपारपर्यंत सगळं कापून भारा शेळ्यांना नेला. जाताना, "आता यंतर येनार. मला परत नाय बोलावनार ना?"
"कोपरे त्याला जमत नाहीत. कोपरे तुझे."
हे खोटं नाही, माहितीपत्रकात आहे.

१४ ऑगस्ट
आला! खोक्यातून काढला. वजनाने वत्सला आणि मी दोघींनी धरला. चार्जिंगचं घर चिखलात नको म्हणून बाहेरच्या ढिगातले दोन ब्लॉक आणून त्यावर बसवलं. दोन ब्लॉक घेतले. बाकी माल नाकारलेलाच.

वत्सलाने नारळ वाढवला, हळदकुंकू लावलं. नवी वस्तू कोरडी आत घेत नाहीत. बटण दाबलं. हलेना. पुन्हा. हलेना. मोबाइलवर, कॅमेरा अस्वच्छ आहे. ही बया त्याच्या बरोबर डोळ्यावर ठसठशीत कुंकू लावून मोकळी! पदराने पुसलं, तेव्हा निघाला. माडाला वळसा घालून, ओट्यापाशी येऊन, वळून गेला. वत्सलाने नकळत हात जोडले.
मी रडले थोडी. हसून हसून.

१७ ऑगस्ट, रविवार
चिखलात चाक अडकलं म्हणून एका अंगाने उचलून बाजूला सरकवला. दोन मिनिटांत फोन.
"आई, मशीन तू उचललंस? वजन उचलायचं नाही सांगितलंय ना?"
"तुला कसं कळलं?"
"माझ्या मोबाइलवर आलं."
ईमेल त्याच्या हातचा, त्यामुळे खातं त्याचं. यंत्राचा मालक तो. माझा मोबाइल नुसता पाहुणा.

१९ ऑगस्ट
आज कहर. उघडीप होती, पाट घेऊन हिरवळीत बसले, लाजाळू उपटायला. गुडघा दुखला नाही. यंत्र समोरून आलं, थबकलं, वळलं. फोन वाजला.
"आई, तू खाली बसलीस?"
कॅमेऱ्यातून त्याला दिसतं. ऑफिसात बसून माझं अंगण बघतो. पाटासकट उचलून न्यायचा राहिला फक्त. संताप झाला. मी यंत्र घेतलं ते कोणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून, आणि हे यंत्र माझ्याचकडे बघत बसलंय!

२० ऑगस्ट
देवघरातून कुंकवाची डबी आणली. त्याच्या दोन्ही डोळ्यांना, नीट, ठसठशीत.
तो बसला घरात. मी बसले गवतात.
दुपारी सु., "आई, कॅमेऱ्यात काही दिसत नाहीये, लाल लाल आहे सगळं."
"हो का? सणाचे दिवस."
नंतर कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन. बिल माझं, खातं दुसऱ्याचं, बदलून द्या. बिलाचा फोटो पाठवा म्हणाले, काही दिवस लागतील. पाठवला. कुंकू पुसून यंत्र सोडलं, सणाला अंगण नीट दिसायला हवं.

२४ ऑगस्ट
कबूल करते, अंगण देखणं झालंय. पायाखाली मऊ. पलीकडच्या गल्लीतले लोक कुंपणाशी थांबून बघतात. शाळेतून येणारी पोरं त्याला हाका मारतात. मिस्त्री आणतो म्हणे. आण.

२६ ऑगस्ट, हरतालिका
विचारच केला नव्हता. डोकं कुठे होतं माझं.
पहाटे परड्या घेऊन बायका आल्या. वत्सला पुढे. वाकली, बघितलं, पुन्हा वाकली. दुर्वा नाहीत. रोज केसभर कापून सगळी हरळी बोटाच्या पेराएवढी, वरचा कोंब म्हणून नाही. त्रिदल कुठून येणार?
"सुमनताय, उद्या गनपती बसायचा नि तू दुर्वांचं मुंडन केलंस?"
दुसरी कोणी तरी, "एवढ्या पेनमधून गनपती साऱ्या जगाला जातात, आनि आमाला दुर्वा इकत घ्यायच्या!"
मान खाली. स्टोअरमध्ये साठा संपला की आधी मला कळायचं. इथे नाही कळलं.
रिकाम्या परड्या घेऊन गेल्या. वत्सला न बोलता गेली, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी सु., सूनबाई प्राची, गणपती. मूर्ती इथलीच, कारखान्यातून उचलून आणली. सु. गेटमधून आत येता येता थांबला. अंगण बघितलं. आत गेला.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
सकाळी पूजेला दुर्वा नाहीत. सु. बाजारात गेला, जुडी आणली. पिवळी, सुकी, निम्मं दुसरंच गवत.
म्हणाला, "ब्लॉक टाकले असते तर निदान आशा तरी लावली नसती."
"ब्लॉक टाकले असते तर दर वर्षी ही जुडी."
प्राची मध्ये पडली, "दोघंही थांबा, गुरुजी येतील." गाडीतून राहिलेली पिशवी आणायला गेटबाहेर गेली, आणि तिथूनच हाक. "सुहास, इकडे ये. आई, तुम्हीपण."

ब्लॉकचा ढीग. जूनपासून पडलेला, कोणी वळून न बघितलेला. यंत्र तिथे जात नाही, सखूचा विळा तिथे पोचला नाही. प्रत्येक फटीतून हरळी वर आलेली, हिरवीगार, हातभर, टोकाला तीन पानं. ब्लॉक दिसत नव्हते काही ठिकाणी.
सु. उभा. मग चपला काढल्या, ढिगावर वाकला आणि खुडायला लागला. मी वत्सलाला हाक मारली. ती आली, बघितलं, म्हणाली, "साहेबांनी इकतची शेती केली गो!" गल्लीला हाका. पंधरा मिनिटांत ढीग बायकांनी भरला. सु. त्यांना वरच्या फटीतल्या काढून देत होता. कानापर्यंत लाल.
आरतीला वत्सलाने माझ्या शेजारी जागा धरून ठेवली होती.

२८ ऑगस्ट
दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं. रात्री सु. निघायच्या आधी मी बोलले. यंत्राचं खातं माझ्या नावावर कर, मी मागणी केलेलीच आहे, तू आपणहून दिलंस तर बरं.
त्याने मान हलवली. "राहू दे माझ्याकडे."
"का?"
तो, "गेल्या वर्षी न्हाणीघरात पडलीस तेव्हा संध्याकाळ झाली वत्सलामावशीला कळायला. मी मीटिंगमध्ये होतो. फोन तुझ्या हाताशी नव्हता. आई, मला ते अंगण दिसत असलं की... तू दिसतेस."
हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. मी उगाच त्याचा डबा भरत राहिले.
मग म्हटलं, "दिसायचं असेल तर ये. दारातून बघ."
गाडीत बसताना प्राची कानाशी, "आई, खातं त्याच्याकडे राहू देऊ नका." आणि काच वर केली.
ब्लॉकचं काय, मिस्त्रीचं काय, कोणीच बोललं नाही. ढीग आहे तिथे आहे.

३ सप्टेंबर
मदत क्रमांकावरून संदेश. खातं माझ्या नावावर झालं. नकाशा नव्याने काढायला लागला. मोबाइलवर बोट कडेने फिरवलं. आंब्याखालचा चौकोन सोडला, तिथे तो जाणार नाही. दुर्वांसाठी. वत्सलाला दाखवलं, ती म्हणाली आणखी थोडा मोठा सोड, गल्ली मोठी हाय. मोठा सोडला. रात्रीची वेळ बंद, बेडकांसाठी. कोपरे सखूसाठी.

दुपारी मोबाइलवर चिठ्ठी: सुहास यांना हे यंत्र पाहायचे आहे. परवानगी? खाली दोन चौकोन, हो नि नाही.
थोड्या वेळाने त्याचाच फोन. "आई, रिक्वेस्ट पाठवलीय."
"आली."
"मग?"
"बघते."
तिथे तिसरा चौकोन नाही. माझ्याकडे आहे. थांबवला.

उन्हं कलल्यावर यंत्र सोडलं. मी गेटबाहेर गेले, ढिगातल्या उरलेल्या दुर्वा बघायला, आणि बसले तिथेच जमिनीवर. छान वाटलं. उठायच्या वेळी मात्र गुडघ्याने ऐकलं नाही. हाक मारायला वत्सला घरात नव्हती. शेवटी सु.च्या ब्लॉकला धरून उठले. तीनदा प्रयत्न केला.
हे त्याला सांगायचं की नाही, तेही थांबवलं आहे.